प्रायव्हेट इंग्लिश मीडियम सोडून सरकारी मराठी शाळा, आमच्या पोरीचा सहा वर्षांचा अनुभव (बेळगाव)

शाळेचा रिव्ह्यू म्हटलं की लोक आधी फी, बस आणि रिझल्ट विचारतात, ते सगळं सांगते, खरं त्याच्या आधी एक गोष्ट सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं डोक्यावरनं जाईल. आम्ही सिद्दी. खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या गावातले. आमचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, त्यातले बरेच पळून घाटातल्या रानात शिरले आणि इथलेच झाले, त्याला आता किती पिढ्या झाल्या ते आजीलापण मोजता येत नाही. रंग काळा, केस बारीक कुरळे, घरात कोकणी मिसळलेली मराठी, बाजारात कन्नड. बेळगावात रिक्षावाला अजून मला हिंदीत विचारतो, मॅडम कहां जाना है, आणि मी "वडगावात सोडा की, किती घेणार?" म्हटलं की आरशातनं दोनदा बघतो.

मी एका हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा टेम्पो चालवतो. मोठी मुलगी एलकेजी ते दुसरी प्रायव्हेटमध्ये होती, तिसरी-चौथी सरकारी मराठी शाळेत झाली, आता पाचवीत जाईल. धाकट्याला या जूनला पहिलीत घालायचाय म्हणून घरात परत तोच वाद चालू झालाय, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. दोन्ही शाळांची नावं घेत नाही, ओळखणारे ओळखतील.

आधी प्रायव्हेट. एलकेजीला डोनेशन धरून ३८ हजार गेले, दुसरीला येईपर्यंत वर्षाचे ५२ झाले. बस महिन्याला १,३०० वेगळी. पुस्तकं शाळेतनंच घ्यायची, वह्यांवर शाळेचा शिक्का पाहिजे म्हणून वह्यापण तिथल्याच, युनिफॉर्म दोन जोड आणि बुधवारचा पांढरा वेगळा, त्याला पांढरे बूट, ते पावसाळ्यात बुधवारी संध्याकाळी काय दिसतात ते बेळगावचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. तरी भरले. मी स्वतः गावातल्या मराठी शाळेत शिकून पुढं नर्सिंगला गेले तेव्हा पहिलं वर्ष इंग्लिश पुस्तकासमोर बसून रडले होते, पोरीला ते नको एवढंच डोक्यात होतं.

कुणी म्हणेल आरटीईतनं का नाही घेतलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रायव्हेट शाळेत पंचवीस टक्के जागा गरीब आणि मागास मुलांना ठेवायच्या असं आहे, सगळ्यांना माहीत आहे. खरं कर्नाटक सरकारनं नियमच बदलला, जवळपास सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळेनं ती जागा द्यायची गरज नाही, आणि २०१९-२० पासनं ते लागू झालं. आता बेळगाव शहरात चालत जाण्यासारखी सरकारी शाळा नाही अशी गल्ली मला दाखवा. संपला विषय. त्यात आमची आणखी एक गंमत आहे. माझा मामेभाऊ हल्याळचा, म्हणजे उत्तर कन्नड जिल्हा, तिथल्या सिद्दींना २००३ पासनं एसटी. आम्ही तेच सिद्दी, त्याच रानाची अलीकडची बाजू, खरं जिल्हा बेळगाव म्हणून नाही. एकाच आजीची नातवंडं, त्याला सर्टिफिकेट आणि मला नाही, ते थेट २०२० मध्ये बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना यादीत घेतलं तेव्हा जुळलं. माझं शिक्षण तोवर कधीच संपलं होतं.

बरं, शाळेत चांगलं काय होतं तेपण सांगते, उगाच खोटं कशाला. टॉयलेट स्वच्छ, पाणी फिल्टरचं, प्रत्येक विषयाला वेगळी टीचर, लायब्ररीचा तास खरोखर व्हायचा. पोरगी पहिलीत असताना इंग्लिश गोष्टीचं पुस्तक सरळ वाचायची, माझ्या डोळ्यात पाणी यायचं. ह्या सगळ्याला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या पांढऱ्या बुटांचा कापला.

अॅडमिशनच्या वेळी केबिनमध्ये साहेबांनी माझ्याकडं बघून पहिला प्रश्न केला, "आर यू फ्रॉम नायजेरिया?" फॉर्मवर पत्ता लिहिलेला, तालुका खानापूर, समोर पडलेला. मी म्हटलं नो सर, नंदगडच्या बाजूला आमचं गाव. मग ते हसले आणि म्हणाले, अरे वा, म्हणजे स्पोर्ट्समध्ये आपल्या शाळेचं नाव काढणार ही. तेव्हा पोरगी साडेतीन वर्षांची होती आणि माझ्या पदरात तोंड घालून बसली होती.

हे स्पोर्ट्सचं आम्हाला नवीन नाही. १९८७ मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटीनं स्पेशल एरिया गेम्स म्हणून स्कीम काढली होती, सिद्दींची पोरं आफ्रिकन रक्ताची म्हणजे ऑलिंपिकला पळणार असा हिशोब, पाड्यांवरनं पोरं निवडून ट्रेनिंगला नेली. काही जणांनी मेडलं आणलीपण. आणि मग १९९३ च्या सुमाराला स्कीम बंद केली, पोरं शाळा अर्धी टाकून गेलेली ती परत रानात. आमच्या नात्यातले एक काका त्यातले, त्यांचे त्या वेळचे स्पाइकवाले बूट अजून घरात खुंटीला आहेत. तेव्हा कुणी आमच्या पोरांना बघून "पळणार बघा" म्हटलं की कौतुक वाटत नाही हो. त्यातनं माझी पोरगी पळताना आधी चप्पल सांभाळते. तिला गणित आवडतं. चार वर्षांत एकदाही त्या शाळेत कुणी विचारलं नाही हिला काय आवडतं.

मग केसांचं प्रकरण. नियम असा की मुलींनी दोन वेण्या, लाल रिबिन, वर वळवून फूल करायचं. आता आमचे केस तसे वळतच नाहीत, रिबिन बांधली तर दुपारपर्यंत गळून पडते. मी बारीक बारीक वेण्या घालून मागं बांधून पाठवायची, माझी आई माझ्या घालायची तशा. डायरीत रिमार्क, हेअर नॉट नीट. परत दुसरा. तिसऱ्या वेळी मी जाऊन सांगितलं, तर टीचर म्हणाल्या, मॅडम, डिसिप्लिन सगळ्यांना सारखी. बरोबर आहे, सगळ्यांना सारखी, सगळ्यांचे केस सरळ असले तर. दुसरीत असताना एक दिवस मला विचारते, पार्लरमध्ये केस सरळ करून मिळतात काय गे आई, कितीला? सात वर्षांची पोर.

वर्गात पोरं तिला "ब्लॅक फॉरेस्ट" म्हणायची, केकवरनं. मी गेले बोलायला. कोऑर्डिनेटर मॅडमनी पाणी दिलं, एसी लावला, आणि म्हणाल्या, किड्स आर किड्स, शी शुड बी स्ट्राँग. त्याच वर्षी गॅदरिंगला बाकीच्या मुली पऱ्या आणि हिला जंगल डान्समध्ये, अंगाला पानं बांधून. आणि जानेवारीत नवीन अॅडमिशनचा फ्लेक्स लागला गेटवर, त्यात मधोमध कोण, तर माझी पोरगी, हसताना, खाली युनिटी असं काहीतरी इंग्लिशमध्ये. परवानगी कुणी विचारली नाही. नवऱ्यानं टेम्पो थांबवून फोटो काढून मला पाठवला, त्याला आनंद झाला होता बिचाऱ्याला.

आमचं शेवटचं ठरलं ते एका चित्रावरनं. माय फॅमिली. बाबा तपकिरी, आई तपकिरी, भाऊ तपकिरी, आणि स्वतःला तिनं त्या फिक्या गुलाबी खडूनं रंगवलं होतं, ज्याला पोरं स्किन कलर म्हणतात. टीचरनी वर स्टार दिलेला. नाइट ड्यूटीला ते चित्र माझ्या पर्समध्ये होतं. नर्सिंगला सायकॉलॉजीच्या तासाला आम्हाला अमेरिकेतला बाहुल्यांचा प्रयोग सांगितला होता, केनेथ आणि मॅमी क्लार्क म्हणून नवरा-बायको होते, दोघं सायकॉलॉजिस्ट, दोघं कृष्णवर्णीय, त्यांनी १९४० च्या आसपास लहान काळ्या पोरांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून विचारलं चांगली कुठली, आणि बऱ्याच पोरांनी गोरीकडं बोट केलं. मग विचारलं तुझ्यासारखी कुठली, तर काही पोरं रडायला लागली. १९५४ मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बंद करा असा निकाल दिला, ब्राऊनची केस, त्यात ह्या संशोधनाचा आधार होता. तासाला मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पाच मार्काला येतं म्हणून.

त्या रात्री ब्रेकमध्ये मोबाइलवर बघत बसले तिकडचे आईबाप आज काय करतात. मजा म्हणजे तिकडं पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, फुकट. आपल्याकडं पाटीवर पब्लिक स्कूल लिहिलं की समजायचं फी भरायची आहे. आणि त्यांच्या सरकारी शाळांचा बराच पैसा त्या भागातल्या घरपट्टीतनं येतो, म्हणजे गरीब वस्तीतली शाळा गरीबच. त्यामुळं काळ्या आईबापांपुढं प्रश्न असा की वस्तीतल्या सरकारी शाळेत घालायचं, तिथं आपल्यासारखी पोरं भेटतात खरं सोयी कमी, की प्रायव्हेटला घालायचं, तिथं सोयी सगळ्या आणि वर्गात आपलं पोर एकटं. काही शहरांत सरकार प्रायव्हेटच्या फीसाठी पैसे देतं, मिलवॉकीत १९९० ला चालू झालं ते, आपल्या आरटीईचा लांबचा भाऊ. माझा प्रश्न त्यांच्यापेक्षा सोपा होता एका अर्थानं. बेळगावात माझी पोरगी कुठल्याही शाळेत गेली तरी एकटीच असणार आहे.

आणि तिथंच रूबी ब्रिजेसचं वाचलं. १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची पोर गोऱ्यांच्या शाळेत पहिली काळी विद्यार्थिनी म्हणून गेली, बाहेर लोक शिव्या देतायत, सरकारचे मार्शल हाताला धरून आत नेतायत, बाकीच्यांनी आपली पोरं काढून घेतली, आणि बार्बरा हेन्री नावाच्या एका बाईंनी वर्षभर तिला एकटीला वर्गात बसवून शिकवलं. मी ते तीनदा वाचलं. इमारत नाही, फी नाही, एक बाई.

तर सरकारी शाळा. घरापासनं चालत दहा मिनिटं. मराठी मीडियम, पहिली ते सातवी, पट साठच्या आसपास. सासू म्हणाली नर्सची पोर सरकारी शाळेत? माझ्या बहिणीचं वेगळंच, कर्नाटकात राहून मराठी शाळेत घालून पुढं नोकरी कुठं मिळणार. ह्या गावात मराठी की कन्नड ह्यावरनं १९५६ पासनं भांडण चालू आहे, आम्ही सिद्दी त्यात कुणाच्याच मोजणीत नाही, दोन्हीकडचे आम्हाला हिंदीत बोलतात. मी एवढंच बघितलं की पोरगी घरात ज्या भाषेत भांडते त्या भाषेत शिकेल, कन्नड तर २०१५ च्या कायद्यानं सगळ्याच शाळांत आहे, ती होणारच.

पहिल्या दिवशी बाईंनी (वर्गशिक्षिका, वय पन्नासच्या पुढं, स्कूटीवर येतात) पोरीच्या डोक्याकडं बघितलं, मी मनात म्हटलं झालं, इथंपण रिबिन. तर म्हणाल्या, "आक्का, ह्या वेण्या कशा घातल्या ते मला दाखवा की. सुटल्या तर मला बांधता याय पाहिजेत न्हवं." मी तिथंच बाकावर बसून दाखवलं. त्यांना पहिल्यांदा जमलं नाही, खरं दिवाळीपर्यंत मस्त जमायला लागलं, आणि वर्गातल्या आणखी दोन मुली आपल्यालापण तसंच घाला म्हणून मागं लागल्या.

पोरांनी नावं ठेवायची ती इथंपण ठेवली, असं समजू नका सरकारी शाळेतली पोरं देव असतात. दुसऱ्याच आठवड्यात एकानं "कोळसा" म्हटलं. बाईंनी त्या पोराच्या बापाला बोलावलं, गवंडी आहे, काम सोडून आला, म्हणाला लेकरं हायत बाई, सोडा. बाई म्हणाल्या, "लेकरं हायत म्हणूनच आत्ता सांगुलोय. मोठा झाल्यावर कोण सांगणार त्याला, पोलीस?" शिक्षा काही नाही. खरं मग वर्गात संगोळ्ळी रायण्णाचा विषय काढला. रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं हे बेळगाव जिल्ह्यात पोरापोराला माहीत आहे. बाईंनी सांगितलं की त्याच्या सोबत्यांमध्ये गजवीर म्हणून एक सिद्दी होता, आणि ही त्याच रानातली. आमच्यात ही गोष्ट म्हातारी माणसं सांगतात, मी ती शाळेत आजवर कधी ऐकली नव्हती, ना माझ्या शाळेत ना हिच्या पहिल्या शाळेत. पोरगी घरी येऊन उंबऱ्यातनंच ओरडली, आई, गजवीर आपला होता?

जानेवारीत आजीला बोलावलं, ती डमाम, म्हणजे आमचा ढोल, वाजवत नाही आता, हात दुखतात, म्हणून कवंदी घेऊन गेली, म्हणजे आमची जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ, आणि पोरांना टाका घालायला शिकवला. अर्धी पोरं सुया टोचून घेऊन घरी गेली.

आणि हो, ह्याच बाई पहिल्या स्पोर्ट्स डेच्या आधी मला म्हणाल्या होत्या, पळण्यात पहिली येणार बघा. चौथी आली, पाचजणींत. बाईंना मी काकांच्या बुटांची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, चुकलं माझं. बस. चार वर्षांत प्रायव्हेटमध्ये हे वाक्य मी मराठीत नाही, इंग्लिशमध्ये नाही, कशातच ऐकलं नव्हतं.

आता वाईट बाजू, कारण एवढं वाचून कुणी डोळे झाकून सरकारी शाळेत जाईल आणि मला शिव्या देईल. मुलींच्या टॉयलेटला पाणी बादलीनं आणावं लागतं, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं मी हेच बोलतेय, मोटर आली, कनेक्शन यायचंय. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, बाई एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला शुद्धलेखन. गेस्ट टीचर येईपर्यंत जुलै संपला. इंग्लिश सरळ घसरलं, आधी गोष्टीचं पुस्तक वाचणारी पोरगी आता अडखळते, रोज रात्री मी अर्धा तास घेते, ड्यूटी असली की राहतं. हे नुकसान खरं आहे, मी ते लपवणार नाही. पुस्तकं, युनिफॉर्म फुकट, दुपारचं जेवण शाळेत, वर दूध आणि अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळं. आमची घरी अंड्याला नाक मुरडणारी तिथं पंगतीत बसून खाते. सांबार मात्र पातळ, त्याला पाचपैकी दोन.

वाचलेल्या पैशांतनं थोडे इंग्लिशच्या ट्यूशनला जाणार आहेत. पाचवीत मोरारजी देसाई निवासी शाळेच्या परीक्षेला बसवायचं मनात आहे, सहावीपासनं आहे ती, एसटी सर्टिफिकेट आता हातात आहे, एकदा तरी कामाला येऊ दे. खरं हॉस्टेलला पाठवायचं म्हटलं की केस कोण बांधणार हा प्रश्न परत येतो, नवरा हसतो, मी नाही हसत.

त्यामुळं धाकट्याचं काय ते अजून ठरलेलं नाही. नवऱ्याला तो इंग्लिश मीडियमला पाहिजे, म्हणतो पोरगा आहे, त्याच्या केसांना कोण विचारतंय. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका प्रायव्हेट शाळेत विचारून आलो. फी ४५ हजार, दोन हप्त्यांत. मी त्यांना एकच विचारलं, वर्गात कुणी ह्याला रंगावरनं बोललं तर तुम्ही काय करता. रिसेप्शनवरची मुलगी फॉर्म उलटापालटा करून बघत बसली, तो कॉलम त्यात नव्हता.

इकडं बाईंचं नाव बदलीच्या कौन्सिलिंगच्या यादीत आहे म्हणतात. काल त्यांना भेटले, म्हटलं बाई खरं काय ते सांगा. म्हणाल्या ऑर्डर आली नाही अजून, आली तर बैलहोंगलकडं जावं लागेल. मग पर्समधनं बारीक काळ्या रबरांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं, पोरीचे आहेत, कपाटात राहिले होते म्हणाल्या. मी घेतले नाहीत, परत कपाटात ठेवायला लावले. जूनमध्ये शाळा सुरू झाली की काय झालं ते इथंच खाली लिहीन.